पानं गळली म्हणून चाफा तोडू नका

श्रावण अर्धा सरला की सोसायट्यांच्या आवारातले चाफे आजारी दिसू लागतात. पानांवर आधी पिवळे ठिपके, मग तपकिरी चट्टे, आणि नवरात्राच्या आसपास झाडाखाली पानांचा सडा. मग सभेत कुणीतरी म्हणतं, ‘झाडाला रोग लागलाय, काढून टाकू या.’ माझी कळकळीची विनंती आहे, असा ठराव होऊ देऊ नका. पानांवरच्या बुरशीने चांगलं वाढलेलं झाड सहसा मरत नाही. चाफा हिवाळ्यात तसाही निष्पर्ण होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा पालवतो. रोगामुळे ही पानगळ महिना-दोन महिने आधी होते, एवढंच. दरवर्षी तसं होत राहिलं तर झाड अशक्त होतं, फुलं कमी येतात, म्हणून काळजी जरूर घ्यायची. पण तिच्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. शिवाय शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं हा 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

औषध आणायला धावण्याआधी पान उलटून पाहा. खालच्या बाजूला नारिंगी पुळ्या असतील आणि बोट फिरवल्यावर हळदीसारखी भुकटी लागली, तर तो तांबेरा. चाफ्यावर पावसाळ्यात सर्वांत जास्त हाच दिसतो. भुकटी नाही, ठिपक्याचा मधला भाग राखाडी, कड तपकिरी, भोवती पिवळं वलय आणि भिंगातून पाहिलं तर मध्ये बारीक काळे टिपके, असं असेल तर ते बुरशीचे पानठिपके. ताम्हण, बहावा अशा झाडांवरही ते येतात. पांढरी पिठासारखी बुरशी दिसली तर ती भुरी.

आणि यातलं काहीच नसेल तर? सप्तपर्णीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात, त्या एका बारीक किडीमुळे. करंजाच्या पानांवरच्या बोंडांसारख्या गाठी कोळी नावाच्या सूक्ष्म किडीमुळे. बोअरच्या खारट पाण्याने पानांच्या कडा करपतात. या तिन्हींवर लोक बुरशीनाशक मारतात. पैसे जातात, आसपासच्या पोरांच्या नाकात औषध जातं आणि झाड होतं तसंच राहतं. खात्री नसेल तर रोगट पान कागदाच्या पाकिटात घालून जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. पिशवी प्लास्टिकची नको, पान त्यात सडतं.

एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. एकदा ठिपका पडलेला पानाचा भाग कुठल्याही फवारणीने पुन्हा हिरवा होत नाही. फवारणी फक्त निरोगी पान वाचवते. म्हणजे ऑगस्टमध्ये झाड पिवळं पडल्यावर पंप घेऊन उभं राहण्यात फारसा अर्थ नाही. खरं काम पावसाआधीचं, आणि त्यातलं बरंचसं झाडूने होतं.

पानठिपक्यांची बुरशी गळलेल्या पानांवर तग धरते आणि पहिल्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या नव्या पानांवर चढते. म्हणून रोगट पानं झाडाखाली साचू देऊ नका. तांबेऱ्याला मात्र जिवंत पान लागतं. हिवाळ्यात चाफ्यावर चुकारपणे राहिलेली चार डागाळलेली पानं पुढच्या वर्षीच्या रोगाचं बी सांभाळतात. नवी पालवी फुटण्याआधी तीही काढून टाका. गोळा केलेला पाला जाळू नका. खड्ड्यात घालून वर मातीचा थर द्या, नीट कुजू द्या. पुरतं कुजलेलं खत वापरायला हरकत नाही.

बुरशीला रुजायला पान काही तास ओलं राहावं लागतं. पावसाळ्यात ते आपल्या हातात नाही, बाकीच्या महिन्यांत आहे. संध्याकाळी नळीने झाडाला ‘आंघोळ’ घालायची हौस सोडा. पाणी सकाळी द्या आणि बुंध्याशी आळ्यात द्या. भिंतीला चिकटून दाटीने लावलेल्या झाडांत वारा खेळत नाही, तिथे रोग हमखास जास्त. फांद्या विरळ करायच्या तर उद्यान विभागाची परवानगी काढून, झाड निष्पर्ण असताना कोरड्या हवेत करा. भर पावसात छाटलेला चाफा कापल्या जागी कुजतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत आणि अंगावर जाऊ देऊ नका. युरियाचा भडिमार केला तर पालवी लुसलुशीत येते आणि रोगाला आयती सापडते. सर्वांत मोठा अन्याय होतो तो पेव्हर ब्लॉकचा. बुंध्याला आवळून फरशी घातलेलं झाड मुळापासून गुदमरलेलं असतं, आणि आपण त्याच्या पानांना दोष देतो. बुंध्याभोवती निदान 1 मीटर माती उघडी ठेवा.

एवढं करूनही लहान झाडावर दरवर्षी रोग येत असेल तर फवारणी करा. पावसाच्या सुरुवातीला, पानं निरोगी असतानाच, कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा मँकोझेब, यांपैकी एकच, साधारण 2.5 ग्रॅम 1 लिटर पाण्यात; डब्यावरच्या सूचना मात्र आधी वाचा. पानाच्या खालच्या बाजूलाही औषध पोचलं पाहिजे. उघडीप बघून 12 ते 15 दिवसांनी पुन्हा.

जुनं बोर्डो मिश्रणही चालतं. 1885 मध्ये फ्रान्समध्ये द्राक्षांच्या केवडा रोगावर ते पुढे आलं आणि आपल्या द्राक्ष बागायतदारांना आजही त्याची सवय आहे. 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, लोखंडी भांडं नको. मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ढवळत ओता. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि कोवळी पालवी करपू नये म्हणून आधी एका फांदीवर मारून पाहा.

फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, मास्क आणि चष्मा द्या. माळीदादांना उघड्या हातांनी औषध कालवायला लावू नका. वारा सुटला असेल, मुलं खाली खेळत असतील, फुलांवर मधमाश्या असतील तर थांबा. तांब्याचं औषध माशांना घातक आहे, ते कमळाच्या हौदात उतरू देऊ नका. दोन-तीन मजली उंच झाडांवर तर फवारूच नका. औषध सगळीकडे पोचत नाही, उरलेलं खिडक्यांतून घरात जातं.

हा विषय सोसायटीच्या मे महिन्याच्या सभेत घ्या. पाला कोण उचलणार, आळी कोण मोकळी करणार, नळीचं पाणी कोण वळवणार, हे नावानिशी ठरवा. नवी झाडं लावायची असतील तर भिंतीपासून अंतर सोडून, ऊन-वारा लागेल अशा जागी लावा. आणि रोपवाटिकेतून रोप घेताना त्याचंही पान उलटून बघा.