खिडकीच्या जागी झडप : जुन्या एसयूव्ही आणि कायद्याची चौकट

टाटा सुमो १९९४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. रस्त्यावरून मात्र ती अद्याप हटलेली नाही. सुमो, जुनी बोलेरो, पहिल्या पिढीतील सफारी, जिप्सी या गाड्यांनी उमेदीच्या काळात माणसे वाहिली. आता उतारवयात त्यांच्यातील अनेकींच्या वाट्याला सामान आले आहे. गिर्यारोहकांचे दोर, छायाचित्रकारांच्या पेट्या, शेतातल्या पंपाचे सुटे भाग असा ऐवज मागच्या भागात रचला जातो आणि मग एक जुनीच अडचण नव्याने जाणवते. बहुतेक जुन्या गाड्यांत सामानापर्यंत पोचण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मागचा दरवाजा. त्यावर अनेकदा स्टेपनी टांगलेली. तो पूर्ण उघडण्यासाठी गाडीमागे जागा मोकळी हवी, आणि नेमकी हवी असलेली वस्तू बहुधा सर्वांत आत असते.

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लॅन्ड क्रूझर किंवा जुन्या डिफेन्डरचे मालक यावर एक सोपा तोडगा काढतात. मागच्या बाजूची स्थिर काच काढून तिच्या जागी अॅल्युमिनियमची, वर उघडणारी झडप बसवायची. बिजागऱ्या वरच्या कडेला, झडप तोलून धरायला वायूचे दट्टे आणि सभोवती रबरी पट्टी. दोन्ही बाजूंच्या झडपा उघडल्या की गाडीने पंख पसरल्यासारखे दिसते. म्हणून तिकडे या रचनेला ‘गल-विंग’ म्हणतात. ज्या जुन्या गाड्यांत काच रबरी चौकटीत अडकवलेली असते, तेथे पत्रा न कापताही हे साधते. नव्या गाड्यांचे तसे नाही. त्यांची काच पत्र्याला चिकटवलेली असते आणि सांगाड्याच्या ताठपणातही तिचा वाटा असतो. गरज मात्र नव्यांनाही आहे. २०२० च्या नव्या डिफेन्डरसाठी कंपनीनेच बाजूच्या काचेबाहेर बसणारी २४ लिटरची कुलूपबंद पेटी देऊ केली.

भारतात हा तोडगा अवलंबू पाहणाऱ्याची गाठ मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ शी पडते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. ‘फेरफार’ म्हणजे वाहनाचे मूळ वैशिष्ट्य बदलणारा संरचनेतील बदल, अशी व्याख्याही तेथेच आहे. प्रमाणपत्रात बांधणीचा प्रकार असतो, आसनसंख्या असते, रिकाम्या गाडीचे वजन असते, रंगही असतो. खिडकीचा रकाना नसतो. तेव्हा झडप हा फेरफार नव्हेच, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. तथापि, ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलालाच निर्णायक मानले आणि त्याच्याशी विसंगत फेरफारांना वाव नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन बाजूंच्या दोन झडपा हा एक फेरफार की दोन, हा प्रश्न वकिलांच्या आवडीचा ठरावा!

खरी मेख मात्र खिडकीत नसून आसनांत आहे. झडप लावल्यावर तिच्यालगत माणूस बसवणे धोक्याचे आहे. गाडी उलटली तर मूळ चौकटीत बसलेली काच आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये ठोकलेल्या बिजागऱ्या यांच्यात फरक पडतोच. शिवाय अपघातात बाहेर पडण्याची एक वाट बंद होते. म्हणजे झडप सुरक्षित करायची तर मागची आसने काढावी लागतात. आसने काढली की आसनसंख्या बदलते, आणि ती मात्र प्रमाणपत्रात ठळकपणे लिहिलेली असते. जो बदल गाडी सुरक्षित करतो, तोच कायद्याच्या नजरेत जास्त भरतो. परिणामी बरेच जण आसने जागेवर ठेवून झडप बसवण्याचा मोह आवरत नाहीत, आणि हा पर्याय सर्वांत वाईट आहे.

चालकाची दृष्टी हा दुसरा मुद्दा. काचेऐवजी पत्रा आला की मागच्या कोपऱ्यातील दिसणारा भाग नाहीसा होतो. दुचाकींच्या गर्दीत ही उणीव किरकोळ नव्हे. काच ठेवूनच ती उघडती करायची, तर नियम १०० नुसार सुरक्षा काच आणि बाजूच्या खिडकीसाठी किमान ५० टक्के प्रकाशपारदर्शकता लागते. रबरी पट्टी सैल राहिली तर धूळ आणि धूर आत येतो, पाणी झिरपून कडेचा पत्रा गंजतो. कोकणातल्या गाडीला त्यासाठी दोन पावसाळे पुरतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे निमित्त ठरतो, हे वेगळेच.

ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांच्या फेरफारांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. किरकोळ बदल प्रमाणपत्राविना चालतात, मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याची सही लागते. भारतात सीएनजी संचासारख्या बदलांना वाट आहे, अपंग व्यक्तींसाठी वाहन अनुकूल करून घेण्याचीही तरतूद आहे. खासगी गाडीची आसने कमी करून बाजूला झडप बसवणाऱ्याला मात्र अशी मळलेली वाट नाही. त्यामुळे काम होते ते पदपथावरच्या वेल्डिंगवाल्याकडे, कोणत्याही तपासणीविना. बंदीचा हेतू सुरक्षिततेचा आहे हे मान्य करूनही, तिचा परिणाम उलट होत असेल तर त्याकडे डोळेझाक कशी करावी? आसने काढल्याची नोंद, सामान व चालक यांच्यामध्ये जाळी, जादा बाह्य आरसा आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, एवढ्या अटींवर ही परवानगी देणे परिवहन खात्याला जड जाऊ नये. यातून व्यापारी मालवाहतुकीला चोरवाट मिळेल, ही भीती रास्त आहे. पण तशा वापरासाठी परिवहन वाहन म्हणून नोंदणीची सक्ती आजही आहेच.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. झडप निरीक्षकाच्या नजरेस पडते ती बहुधा याच वेळी, आणि मग जुनी काच शोधत भंगार बाजाराच्या फेऱ्या सुरू होतात. हा फेरा नको असलेल्यांसाठी मागची आसने दुमडून त्यावर ठेवायचा, रुळांवर सरकणारा सुटा खण हा पर्याय आहे. त्यात पत्र्याला किंवा काचेला हात लावावा लागत नाही. खण बाहेर ओढायला मात्र गाडीमागे तेवढीच मोकळी जागा लागते.