खिशातला चाकू आणि मनाई हुकूम

जानेफळच्या बाजारातून खताच्या गोण्या नेणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात घडीचा चाकू असतोच. गोणीची सुतळी, ठिबकची नळी, बैलाच्या पायात गुंतलेला दोर, वेळेला तोच कामी येतो. अब्बांचे पाहून मुलगाही ठेवतो, त्यात वावगे काही नाही. (रामपुरी मात्र नको. खटक्याच्या पात्याने सुतळी कापताना आम्ही तरी कुणाला पाहिले नाही.)

अडचण सणासुदीला, निवडणुकीत किंवा गावात तणाव असताना येते. तेव्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली जिल्हा दंडाधिकारी मनाई हुकूम काढतात. त्या कलमात तलवारी-भाल्यांच्या पंक्तीला चाकू आणि लाठ्याही आहेत. शस्त्र नियमांतले ९ इंच पात्याचे माप इथे कामाचे नाही. "माझे तीनच इंचांचे" म्हणून सुटका होईल असे समजू नये. हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला नुसता गुन्हा नोंदला गेला तरी जड जाते.

म्हणून शेतातून आल्यावर चाकू पुसून खुंटीवरच्या पिशवीत टाकावा. जुलूस, मिरवणूक, सभा किंवा कोर्टाला निघणाऱ्या मुलाला अम्मीने दारातच खिसे चाचपायला सांगावे. उमऱ्याला जाताना तो हातातल्या पिशवीत नको, विमानात जमा करायच्या बॅगेत ठेवा.