कोसबाड आणि कोसाड

कोसाडच्या अंगणवाड्यांची तुलना करताना आम्ही जुनी सुरतकर मराठी मंडळी छप्पर, फरशी आणि खाऊ तेवढा पाहतो. हे मापच खोटे आहे. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले ते भावनगरला, गिजुभाई बधेकांसोबत. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. मूल येत नाही, तर शाळेने त्याच्याकडे जावे! आपल्या खानदेशी बांधवांचे तीन वर्षांचे मूल घरची बोली घेऊन अंगणवाडीत शिरते. त्या बोलीत त्याच्याशी कोण बोलते, हे आम्ही कधी विचारले? विचारणार तरी कसे? आमची नातवंडे इंग्रजी नर्सरीत. मंडळाच्या कपाटात बालगीतांची पुस्तके पडून आहेत. ती घेऊन आठवड्यातील एक सकाळ तेथे बसावयास आमच्यातले कोण तयार आहे?