चालती यंत्रे भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. 'विंडोज ११'च्या अटी अशा की, साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यांत बसतच नाहीत. यंत्रे बिघडलेली नाहीत. मक्तेदार कंपनीच्या फर्मानाने ती निकामी ठरली आहेत.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. दुरुस्तीविना जुनी प्रणाली इंटरनेटवर वापरणे धोक्याचेच. परंतु त्यासाठी प्रणाली बदलावी लागते, यंत्र नव्हे! परवान्याच्या प्रणालीवाचून काम अडत नाही, हे केरळच्या सरकारी शाळांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तेथे 'काइट' ही राज्य सरकारची कंपनी मुक्त लिनक्स प्रणालीची स्वतःची आवृत्ती शाळांना पुरवते आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण देते. हलकी लिनक्स प्रणाली, थोडी वाढीव मेमरी व एसएसडी एवढ्यावर दहा वर्षांचा संगणक लेखन-हिशेबाला उत्तम चालतो.

अन्यथा त्याची वाट दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भंगार-वस्त्यांकडे जाते. तेथे तांब्यासाठी तारा जाळणारे, सर्किटे आम्लात बुडवणारे हात मजुरांचे असतात. त्यांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाही. सरकारी कार्यालयांनी चालते संगणक लिलावात काढण्याऐवजी, त्यांवर लिनक्स बसवून ते शाळांना व सार्वजनिक वाचनालयांना द्यावेत, ही मागणी राज्याराज्यांत लावून धरली पाहिजे.