पावसाचे गणित आपल्या पोरांनी मांडावे

दहावीचा निकाल लागला की गावोगावी एकच चर्चा. पोराला भरतीला धाडायचे, की स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पुण्यात ठेवायचे? हवामानशास्त्र, त्यातही हवामान बदलाची प्रारूपे संगणकावर मांडण्याचे काम, हे काही कुणाच्या तोंडी येत नाही. वास्तविक ज्यांचे पोट पावसावर आहे, त्यांच्याच घरात ही गोष्ट आधी निघायला हवी.

आपल्याकडे हे शास्त्र दुष्काळाच्या धास्तीतून वाढले. १८७७ च्या दुष्काळानंतर ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला घेतला. १९०४ साली हवामान खात्याची सूत्रे घेणारे गिल्बर्ट वॉकर तर मूळचे गणिती. जगभरच्या नोंदी जुळवत बसून त्यांनी पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा आणि आपल्या पावसाचा संबंध दाखवला. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे प्रारूप आले, ते १९८८ पासून वापरात होते. २००२ साली मात्र ते तोंडघशी पडले. अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता. जुलै कोरडा गेला आणि देशात हंगाम १९ टक्के तुटीचा ठरला. दुबार पेरणी ज्यांनी केली त्यांना ते साल आठवत असेल.

आताची प्रारूपे निराळी आहेत. पृथ्वीचे वातावरण आणि समुद्र यांच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीतला वारा, उष्णता, बाष्प यांची समीकरणे संगणकाला सोडवायला लावायची आणि घटकाघटकाने पुढे सरकायचे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे तयार झालेल्या प्रारूपाची गणिते संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालासाठी वापरली गेली. भारतातले हे अशा तऱ्हेचे पहिलेच प्रारूप.

पण खरी गोम पुढेच आहे. पन्नास वर्षांनंतरचे हवामान सांगणाऱ्या प्रारूपांत एक चौकट शंभर-दोनशे किलोमीटरचीही असते. सातारा जिल्ह्यातच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. माणमधले दहिवडी तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, आणि तिथे पाचशेच्या आसपास! दोन्ही एकाच चौकटीत बसवले तर माणच्या शेतकऱ्याने त्या आकड्याचे काय करायचे? सह्याद्रीच्या सावलीतला पाऊस तालुक्याच्या पातळीवर उतरवणे, हे काम अजून पुरे झालेले नाही. ते करायला गणित लागते, आणि घाटमाथा ओलांडला की पाऊस कसा विरतो हे अंगाने माहीत असलेला माणूसही लागतो.

म्हणून अकरावीत गणित सोडू देऊ नका, ही पालकांना विनंती. बारावीनंतर भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी. करावी, अभियांत्रिकी केली तरी चालते. पुढे पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, कृषी विद्यापीठांत कृषी हवामानशास्त्र आहे. संगणकाची भाषा शिकावीच लागते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या दराने महिना ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे पोर घरावर भार होत नाही. कायम जागा थोड्या आहेत आणि बरीच वर्षे कंत्राटावर काढावी लागतात, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे. एवढी वाट झेपणारी नसेल, तर भौतिकशास्त्राच्या पदवीवर हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या जागा अधूनमधून निघतात.

आता थोडे महसूल खात्यातल्या मंडळींसाठी. प्रारूप खरे की खोटे, हे शेवटी जुन्या पर्जन्य नोंदींशी ताडूनच ठरते. सकाळी साडेआठचे माप दुपारी अंदाजाने लिहिले, सुट्टीचे दोन दिवस सोमवारी एकत्र भरले, तर ती चूक वहीत कायमची राहते आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी संगणकात जाते. एका गावी तर पर्जन्यमापकावर कडुलिंबाची फांदी आलेली आम्ही पाहिली. असे कुठे असेल तर मृग लागायच्या आत ती उतरवून घ्यावी.