एकोपा मंडपातला आणि नळावरचा

सर्वधर्मसमभावाचा कार्यक्रम आपल्याकडे लांबूनच ओळखू येतो. चौकात मंडप, मागच्या कापडी फलकावर चार धर्मांची चार चिन्हे एकाच मापात रंगवलेली, व्यासपीठावर एक महाराज, एक मौलाना, एक फादर आणि एक ग्रंथी. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि पहिल्या भाषणानंतर निघून जातात. पांढरी कबुतरे सोडली जातात, त्यातले एखादे कनातीवरच बसून राहते. मध्य मुंबईत आयुष्य गेल्यामुळे असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत आणि काहींच्या सतरंज्याही उचलल्या आहेत. त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. द्वेषाच्या सभांना गर्दी होते तेव्हा प्रेमाच्या सभेला शंभर माणसे आली, तरी ती मोलाचीच. पण गल्लीच्या तोंडाशी जमाव उभा राहतो त्या दिवशी या मंडपाचा किती उपयोग होतो? माझे उत्तर आहे : फारसा नाही. त्या दिवशी उपयोगी पडते ती ओळख, आणि ओळख मंडपात होत नाही.

याचा पुरावा मुंबईपासून फार दूर नाही. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, मूळचे आगरी आणि कोकणी मुसलमान अशी दाटीची वस्ती. तेथे १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची तपशीलवार चौकशी केली. तरीही १९८४ साली भिवंडी पुन्हा जळाली. म्हणूनच डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडल्यावर सर्वांचे डोळे भिवंडीकडे लागले होते. मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. भिवंडी मात्र शांत राहिली.

हे दैवयोगाने झाले नव्हते. १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्लावार समित्या बांधल्या होत्या. पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले आणि मुंबई जळाली तर भिवंडी का नाही, हाच प्रश्न त्याच्या नावात घातला. पोलीस ठाण्यांत शांतता समित्या त्याआधीही होत्याच, पण त्या प्रतिष्ठितांच्या. गणपती किंवा ईद आली की बोलावायच्या, चहा प्यायचा, फोटो काढायचा आणि पुढच्या सणापर्यंत विसरायचे. खोपडे यांच्या समितीत दोन्ही बाजूंची माणसे सारख्या संख्येने होती आणि ती त्याच गल्लीतली होती. त्यांच्याशी संबंध ठेवायचा तो वरच्या साहेबाने नव्हे, तर त्या भागाची जबाबदारी दिलेल्या खालच्या पोलिसाने. बैठकीत धर्माची चर्चा करायची नाही. नळावरचे भांडण, तुंबलेले गटार, मुलांची मारामारी, भाडेकरूचा वाद हेच विषय. हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. पण दंगलीची सुरुवात तरी दुसऱ्या कशाने होते? नळावर दोन बायका भांडतात; त्या एकाच धर्माच्या असल्या तर ते भांडण राहते, दोन धर्मांच्या असल्या तर तासाभरात त्याची बातमी होते. ते भांडण भांडणच राहू देणे, एवढेच त्या समितीचे काम होते.

या कामाला विश्रांती मात्र नसते. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानालगत होऊ घातलेल्या पोलीस ठाण्यावरून हिंसाचार झाला. गोळीबारात दोन आंदोलक आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई मारले गेले. समिती म्हणजे एकदा बसवून दिली की चालू राहणारा पंप नव्हे. अधिकारी बदलला की वही कपाटात जाते आणि वही कपाटात गेली की गल्लीतल्या माणसाचा निरोप वर पोचत नाही.

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. शिवणवर्ग, आरोग्य शिबिरे आणि पोरांचे क्रिकेट यांतून माणसे एकत्र आणली गेली. क्रिकेटचा मुद्दा मला विशेष वाटतो. हिंदूंचा संघ विरुद्ध मुसलमानांचा संघ असा सामना लावला, तर सद्भावनेच्या नावाखाली आपण दंगलीची रंगीत तालीमच करतो. संघ मोहल्ल्याचा आणि मिसळलेला हवा. यष्टिरक्षक कोणाचा आणि गोलंदाज कोणाचा, हे चेंडू हातात आल्यावर कुणी विचारत नाही.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी हेच काम आपापल्या वकुबाने केले. चार मुलांना चार धर्मांच्या पुजाऱ्यांचे कपडे घालून काढलेले वकार खान यांचे पोस्टर धारावीच्या भिंतींवर झळकले. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ साली या दोघांच्या मैत्रीवर ‘नाता’ हा माहितीपट केला. तो पाहताना मला पोस्टरपेक्षा लक्षात राहिले ते दोघांचे गल्लीतून चालत जाणे आणि प्रत्येक दारात थांबणे.

येथे कुणी म्हणेल, आमच्याकडे एकत्र उपासनेची परंपरा आहेच की! आहे, आणि मला ती प्रिय आहे. माहीममध्ये मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला मान पोलिसांचा असतो. सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला सर्व धर्मांच्या लोकांची रांग लागते. पण त्याच माहीममध्ये जानेवारी १९९३ मध्ये रक्त सांडले. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाचा नवस एक आणि मागच्याचा दुसरा. दोघे मेणबत्ती लावून आपापल्या घरी जातात. एकमेकांचे नाव विचारण्याचा प्रसंगच येत नाही. श्रद्धा मोठी खरी, पण ती बव्हंशी वरच्याशी बोलते, शेजाऱ्याशी नव्हे.

सेवाकार्याचेही तसेच आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत पुण्याच्या आझम कॅम्पसने मशिदीचा एक मजला विलगीकरणासाठी दिला. इचलकरंजीच्या मुसलमानांनी ३६ लाख रुपये जमवून सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानातील स्वयंसेवकांनी, ज्यांच्याजवळ कोणी यायला तयार नव्हते अशा हिंदूंच्या चिता त्यांच्या रीतीने पेटवल्या. हे सारे अभिमानास्पद आहे. पण एक देणारा आणि एक घेणारा अशी वाटणी कायमची झाली, की घेणाऱ्याची मान खाली राहते. मला आवडते ते रक्तदान शिबिर. तेथे देणारेही दोन्हीकडचे असतात, आणि बाटलीवर रक्तगट लिहितात, गोत्र नाही. त्याहूनही चांगली ती यादी, जिच्यात शिधा वाटणाऱ्यांची नावे मिसळलेली आहेत आणि घेणाऱ्यांचीही.

अलीकडच्या काळातले सर्वांत मोठे आंतरधर्मीय काम मात्र कोणत्याही फलकावर आले नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतला ईदचा जुलूस मुसलमानांनी दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ आणि २०२५ मध्ये ईद विसर्जनाच्या आदल्या दिवशी येत होती; दोन्ही वेळा जुलूस विसर्जनानंतर निघाला आणि सरकारी सुट्टीही पुढे सरकली. वृत्तपत्रांत हे चार ओळींत आटोपले. पण सणाची तारीख सोडणे ही काय सोपी गोष्ट आहे? त्यासाठी वस्तीवस्तीतल्या तरुणांची समजूत कुणीतरी रात्री उशिरापर्यंत बसून काढली असणार. प्रश्न एवढाच, की गणेश मंडळांनी त्याची परतफेड कशाने केली? काही ठिकाणी जुलुसाच्या वाटेवर पाणी दिले गेले, हार घातले गेले. काही ठिकाणी ‘बरे झाले’ म्हणून विषय संपला.

आणि आता तर शेजारच उरत नाही. १९९३ नंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडकडे गेली, हिंदू कुटुंबे मिश्र चाळी सोडून ‘आपल्यांत’ गेली. माझ्या परिचयातल्या एका मुसलमान प्राध्यापकाला तीन गृहनिर्माण सोसायट्यांनी घर नाकारले; कारण लेखी कुणीच दिले नाही. आता धारावीचा पुनर्विकास होऊ घातला आहे. तळमजल्यावरच्या, १ जानेवारी २००० पूर्वीच्या रहिवाशांना धारावीतच घर आणि बाकीच्यांना धारावीबाहेर, अशी त्याची आखणी आहे. घर पक्के होईल, संडास स्वतंत्र होईल, हे चांगलेच. पण भाऊ कोरडे ज्या दारांत थांबत ती दारे कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर जातील आणि त्यांतली किती धारावीबाहेर जातील, याचा हिशेब नकाशात नाही. चौरस फुटांच्या वाटाघाटीत हा मुद्दा कुणी मांडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

२०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी यांच्यात महिन्याभराचे अंतर पडते. म्हणजे तारखांच्या कारणाने बैठक बोलावण्याची पोलीस ठाण्यांना गरज नाही. आम्ही काही जणांनी आमच्या भागातल्या ठाण्याला पत्र दिले आहे, की नेमकी अशाच वर्षी दर महिन्याला बैठक घ्या. साहेब नसले तरी चालेल, बीटवरचा हवालदार हवा. विषयपत्रिकेत पहिला विषय मशिदीमागचे गटार, दुसरा देवळासमोरची वाहने, तिसरा संध्याकाळच्या पाण्याची वेळ. पत्राची पोच मिळाली आहे.