रंग नवा, मोल उणे

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर इतरांच्या मालमत्तेचे मूल्यांकन केले. तारण ठेवलेले सोने, गोदामातील माल, इमारती, यंत्रे. वस्तू वापरली गेली की झिजते आणि झिजली की तिच्या किमतीतून घसारा वजा होतो, हा त्या कामाचा पहिला धडा. निवृत्तीनंतर लोणावळ्यात स्थिरावलो तरी ही दृष्टी सुटली नव्हती. ती एका लाकडी पेटीने सोडवली. मात्र त्यासाठी माझ्या हातून एक चूक व्हावी लागली.

परिचयातील एका व्यापारी कुटुंबात वाटणी होती. जुने घर विकायचे ठरले होते. तिघे भाऊ, एक बहीण. मने निर्मळ, तरीही हिशेब त्रयस्थाने मांडावा म्हणून मला बोलावणे आले. ठेवी, दागिने, दुकानाची जागा हे सारे दोन तासांत मार्गी लागले. मग माळ्यावरून एक पेटी खाली आली आणि काम अडले. पेटीत भातुकली होती. पण तांब्या-पितळेची नव्हे, रंगीत लाकडी सामानाची. वीतभर पलंग, झुलता पाळणा, दोन पाट, चौरंग, फडताळ आणि मुनीमजींच्या गादीपुढे असते तसे उतरत्या झाकणाचे मेज. एकूण सात वस्तू. कडांना वेलबुट्टी, चौरंगाच्या मधोमध हाताने रेखलेले कमळ.

ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई म्हणाल्या, “ही आमच्या आईची. बेळगावहून लग्न होऊन आली, तेव्हा बरोबर आणली होती.”

बेळगाव म्हटल्यावर या सामानाच्या कुळाचा अंदाज बांधता आला. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तेथील चितारआळी लाकडी खेळणी, रंगीत पाट-चौरंग आणि हाताने रंगवलेल्या गोल गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफांच्या एका जोडात प्रत्येक अवताराची बारा, अशी १२० पाने असतात. ज्या हातांना इतक्या लहान गोलात अवतार उभा करण्याची सवय, त्यांना वीतभर पलंगाची नक्षी अवघड कशी वाटावी? मधल्या काळात ही कला विझू लागली होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली आणि तिला पुन्हा उभे केले.

लाखकामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. पलंगाचा खूर किंवा पाळण्याचा दांडा चरकावर फिरत असतो. रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. रंग लाकडाला घट्ट धरून बसतो, म्हणून अनेक पिढ्या टिकतो. सपाट भागावर मात्र कुंचल्यानेच काम करावे लागते. हा थर पातळ असतो आणि एकदा खरवडला की परत येत नाही.

हे सारे मी नंतर समजून घेतले. त्या दिवशी मला एवढेच दिसले की रंग उडाला आहे, कडा काळवंडल्या आहेत. पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने छायाचित्रे पाहून बरी रक्कम सांगितली होती. मी सल्ला दिला, “रंगवून घ्या, आणखी भाव येईल.” घर विकण्यापूर्वी रंगसफेदी करतात, तोच न्याय मी इथे लावला. रंगाऱ्याने पॉलिश पेपरने सामान घासले आणि तैलरंगाचे दोन हात दिले. पाच वस्तू झगझगीत झाल्या. पाळणा आणि मेज तेवढे मागे राहिले.

व्यापारी आला. पाच वस्तू त्याने हलकेच बाजूला सारल्या. “साहेब, हे तर नवे सामान झाले. मला जुने दाखवले होते.”

कोणी काही बोलले नाही. आत्याबाईंनी मेज जवळ ओढले आणि झाकण उघडले. आतल्या बाजूस शिसपेन्सिलीने, बालबोध अक्षरांत दोन शब्द होते : जमा, नावे. शंभरएक वर्षांपूर्वी एक मुलगी दुकान-दुकान खेळली होती. रंगारी आणखी एक दिवस आला असता, तर तीही पुसली गेली असती. ज्याला मी घसारा समजत होतो, तेच त्या वस्तूचे भांडवल होते.

लहान सामानाचे मोल व्यापाऱ्यांच्या घरांनी पूर्वीही ओळखले आहे. ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्यूझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या रेशीम व्यापाऱ्याच्या पत्नीचे सतराव्या शतकाच्या अखेरीचे बाहुलीघर आहे. त्यावर तिने खऱ्या घराएवढा खर्च केला होता. पुण्याच्या बाजीराव रोडवरील राजा दिनकर केळकर संग्रहालय तर आपल्या जवळचेच. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारे, खेळणी अशा साध्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

आपल्या माळ्यावर असे काही असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा रंग, व्हार्निश, तेल यांपैकी काहीही लावू नये. ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. लोणावळ्याच्या पावसात वस्तू भिंतीला टेकवू नयेत आणि प्लास्टिकमध्ये कोंडू नयेत. सुती कापडात ठेवाव्यात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी याच मावळच्या हवेत सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या, कारण पावसाचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पेटीच्या तळाशी लाकडाची पूड दिसते का, हे दर महिन्याला पाहावे. कोरडेपणा आणि स्वच्छता राखली की कीड होण्याची शक्यता कमी होते. पुढे औषध मारण्यापेक्षा ही जयणा बरी. आणखी एक गोष्ट परदेशी असलेल्या आप्तांसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा भेट म्हणून बॅगेत घालण्याआधी विचार करावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू कोणाची, कुठून आली, कोण तिच्याशी खेळले, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. त्या दिवशी आत्याबाई नसत्या, तर बेळगाव कोणालाच ठाऊक झाले नसते.

विक्री रद्द झाली. संच फोडायचा नाही आणि चारही घरांत वर्षा-वर्षाने फिरवायचा, असे ठरले. वाटणीच्या यादीत मी त्यापुढे रक्कम लिहिली नाही. पेटीत मात्र माझ्या हाताने एक चिठ्ठी ठेवली. सात वस्तूंची नावे, आत्याबाईंनी सांगितलेली हकिकत आणि अखेरीस एक ओळ : पाच वस्तू माझ्या सल्ल्याने रंगवल्या गेल्या. खाली सही आणि तारीख.